बायजाबाईंचा दुसरा नंबर

या, असे जवळ सरका. तिकडे भिंतीला टेकलात तर माझा आवाज पोचायचा नाही. टाळाबरोबर ओरडून ओरडून तो आता आतल्या आत घुमतो. तुम्हाला एक गोष्ट सांगतो. कीर्तनात महाराज निरूपण बाजूला ठेवून कथेला हात घालतात तेव्हा मंडपात पेंगणारी माणसंसुद्धा सरळ बसतात. ही तसली गोष्ट नाही. हिच्यात राजा नाही, ऋषी नाही, शाप नाही. गोदामांचं एक फाटक आहे, चाळीस बायका आहेत आणि माझ्या खिशातला एक फोन आहे. पण हिच्यात कुठेतरी देव येऊन गेला असं मला वाटतं. नेमका कुठं, ते मला अजून सापडत नाही, म्हणून तर सांगतोय. तुम्हाला सापडला तर मला सांगा.

त्या सकाळी फोन वाजला नाही. एवढंच झालं. सात वाजले, सव्वासात झाले, पडघ्याकडून येणाऱ्या रिक्षा फाटकासमोर रिकाम्या होऊ लागल्या, बायका पदर खोचत उतरू लागल्या, आणि शर्टाच्या खिशातला फोन गप्प. मी त्याला वरून चाचपलं. बाहेर काढून पाहिला. चार्ज होता, रेंजच्या चारही काड्या उभ्या होत्या. पुन्हा खिशात ठेवला. मधला एक महिना बायकाच नव्हत्या, तो सोडला तर चार वर्षं सकाळी पावणेसात ते साडेसात हा फोन माझ्या छातीवर चिमणीसारखा फडफडत आला होता. त्याची इतकी सवय की रविवारी सुटीच्या दिवशीसुद्धा त्या वेळेला मला छातीत काहीतरी हलल्यासारखं व्हायचं, आणि माझी बायको जानकी म्हणायची, "काय ओ, पित्त झालंय का?" आज तो हलणार नाही हे मला आदल्या आठवड्यापासून ठाऊक होतं. मीच तर मान डोलावली होती. पण ठाऊक असणं वेगळं आणि छातीवरची जागा रिकामी होणं वेगळं. फाटकाजवळ नवा खांब उभा होता, कमरेएवढा, त्याच्या डोक्यावर तळहाताएवढी काच. बायका एकेक पुढे जात होत्या, काचेकडे बघत होत्या, हिरवा दिवा लागत होता, आणि त्या आत जात होत्या. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. रंजिता नावाची एक सडपातळ, तोंडाळ पोरगी आहे, ती तेवढी जाता जाता म्हणाली, "भाऊ, आता तुमाला चहा प्यायला टाइम भेटंल." मी हसलो. चहा मी रोजच पीत होतो.

माझं काम तुम्हाला सांगितलं पाहिजे, नाहीतर ही चिमणी कळायची नाही. आमच्या आवारात नऊ गोदामं आहेत, नऊ कंपन्यांची. एकीत खेळणी, एकीत औषधं, एकीत चपला, एकीत पंखे, असं काय काय. मी फाटकावर हजेरीला. बायका कुठल्याच कंपनीच्या नाहीत, त्या मितेशच्या. मितेश म्हणजे कामगार पुरवणारा ठेकेदार. ज्याला माणसं कमी पडतील तिकडं तो धाडतो. सोमवारी खेळण्यांत खोकी चिकटवणारी बाई मंगळवारी औषधांत, बुधवारी चपलांत. आणि प्रत्येक कंपनीचं ॲप निराळं, पासवर्ड निराळा, नोंदणी निराळी. आज औषधांनी ओळखलं म्हणून उद्या चपलावाले ओळखतील असं नाही. मधे एक पत्र्याची भिंत, पण पलीकडे गेलं की बाई पुन्हा कोरी. पुन्हा आधार दाखव, पुन्हा गाव सांग, पुन्हा फोटो, पुन्हा ओटीपी. ओटीपी यायला फोन लागतो. आणि या बायकांच्या घरी फोन एकच, तो नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या खिशात, दिवसभर कुठल्यातरी दुसऱ्या गोदामात.

पहिली आली ती बायजाबाई. आतल्या पाड्यावरची, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल, पण मला भाऊच म्हणते. तिने निजामपुऱ्याच्या गल्लीत वीस वर्षं लूमवाल्याकडे कांड्या भरल्या. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची गुंडाळी. ती भरताना धागा बोटांमधून पळतो, दिवसभर पळतो. वीस वर्षं पळून त्याने तिच्या बोटांवरच्या रेषा नेल्या. मशीनवर अंगठा ठेवला की मशीन म्हणे, पुन्हा ठेवा. पुन्हा ठेवला की म्हणे, पुन्हा. ती अंगठा पदराला पुसायची, फुंकर घालायची, जिभेने ओला करायची. मग मशीनने फोन नंबर मागितला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, आमचा फोन दीपेश घेऊन जातो टेम्पोवर. तुमचाच घाला ना. तुमी काय कुठं जाता व्हय?" मी घातला. खाली आणखी एक चौकोन होता, अडचणीच्या वेळी कळवायचं त्या जवळच्या माणसाचा. तो भरल्याशिवाय पुढं जाईना, मागे रांग होती. तिथंही माझाच घातला. त्या दोन चौकोनांकडे मी तेव्हा नीट बघितलंसुद्धा नाही. आता रोज बघतो.

बायजाबाईनंतर तिची जाऊ, जावेची मैत्रीण, करता करता चाळीस झाल्या. सगळ्यांचा नंबर माझा. सकाळी फोन फडफडला की मी मोठ्याने आकडे म्हणायचो, आणि रांगेतून जिचे असतील ती ते उलट म्हणायची. मी पुढं, त्या मागं, धृपद धरल्यासारखं. मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू, मला त्याचा गर्व होता. वाटायचं, ही नऊ लोखंडी दारं माझ्या एका शब्दाने उघडतात. मितेश म्हणायचा, "काका, तुम्ही म्हणजे मास्टर चावी." जेवताना मी हे जानकीला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "चावी हरवली तं?" मी म्हणालो, भाजी वाढ.

आता सप्त्याचं सांगतो, आणि इथं जरा सावकाश जाऊ द्या मला. चैत्रात आमच्या गावी सप्ताह असतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, भुईला लागू द्यायची नाही. माणसं पहारे वाटून घेतात, दोन-दोन तासांचे. पहारा संपला की पुढचा माणूस येतो, वाकतो, तुम्ही त्याच्या पायाला हात लावता, तो तुमच्या, आणि तुमच्या गळ्यातली वीणा त्याच्या गळ्यात जाते. तार वाजायची थांबत नाही. तुम्ही कधी वीणा धरली असेल तर तुम्हाला माहीत असेल, दोन तासांनी ती गळ्यातून निघाली तरी डावा हात तसाच वाकलेला राहतो. घोंगडीवर बसलात, कुणी पाण्याचा तांब्या दिला, तो उजव्या हाताने घेता. डावा अजून वीणेच्या मापाचाच असतो. आणि या पहाऱ्यात एक गोष्ट मला लहानपणापासून गोड वाटत आली आहे. घेणाऱ्याला कुणी विचारत नाही तू कुठला, कुणाचा. शेजारच्या गावचा माणूस येतो, आधीच्या विणेकऱ्याने त्याला हात जोडले की सगळा मंडप त्याला ओळखतो. एकाने ओळखलं की झालं. पुढच्याने पुन्हा परीक्षा घ्यायची नसते.

त्या वर्षी माझा पहारा शुक्रवारी दुपारी, बारा ते दोन. मी अर्धी रजा टाकली. आदल्या वर्षी कीर्तन रंगात आलेलं असताना माझ्या खिशात ओटीपी फडफडला होता आणि महाराजांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं होतं. ते पाहणं मला वर्षभर टोचलं. म्हणून यंदा मी फोन बंद करून जानकीच्या पिशवीत टाकला आणि वीणा गळ्यात घेतली. दोन तासांचा तर प्रश्न होता. दुपारच्या शिफ्टच्या बायका सकाळीच कुठल्या तरी कंपनीत नोंदलेल्या असतात, असा माझा हिशोब. पण बुधवारी औषधांच्या कंपनीने सांगितलं होतं की शुक्रवारी सगळ्यांचे पासवर्ड नव्याने करायचे आहेत. मला सांगितलं होतं. मी मान डोलावली होती. आणि विसरलो. वीणेच्या, बुक्क्याच्या, मोगऱ्याच्या वासात ते विसरलो. तार छेडत मी उभा होतो, डोळे मिटलेले, पंखा नव्हता तरी मला गार वाटत होतं. ते गार वाटणं अजून माझ्या अंगावर आहे. त्याच वेळी तिकडे फाटकावर एकोणीस बायका उन्हात उभ्या होत्या, ॲप नंबर मागत होतं, नंबर माझ्या बंद फोनकडे येत होता आणि वाटेतच अडकून पडत होता. पत्र्याच्या भिंतीला दुपारी सावली नसते. रंजिता आणि तिघीचौघी कंटाळून चिंचेखाली जाऊन बसल्या. बायजाबाईने रांग सोडली नाही. रंजिताने मागून मला सांगितलं, ती म्हणत होती, "थांबा गं, पंढरीभाऊ हाय. तो देनारच नंबर. रांग मोडली तं त्याला शोधायला लागंल आपल्याला." आणि मग ती खाली बसली, आणि मग आडवी झाली.

सव्वादोनला मी फोन चालू केला. आधी काही नाही. मग तो फडफडायला लागला आणि थांबेचना. दवाखान्यातून येऊन गेलेल्या फोनांचे निरोप, एकापाठोपाठ एक. आणि त्यांच्या मधून मधून ओटीपी, सगळे शिळे, दहा-दहा मिनिटांत मरून गेलेले आकडे. डावा हात माझा अजून वाकलेला होता. त्या हाताच्या बेचक्यात फोन धरून मी ते आकडे बघत होतो आणि मला वाटत होतं, आता म्हटले तरी कोण उलट म्हणणार.

दवाखान्यात तिला सलाईन लावलं होतं. नर्सने विचारलं, "आप इनके कौन?" मी सांगितलं, नंबर माझा आहे. ती म्हणाली, "वो तो दिख रहा है. लेकिन आप कौन?" तेवढ्यात बायजाबाईने डोळे उघडले. ओठ सुकून पांढरे पडलेले. मला बघून म्हणाली, "पहारा नीट झाला का भाऊ?" मी सलाईनच्या थेंबाकडे बघायला लागलो. थेंब जमतो, लोंबतो, तुटतो. मी तिच्याकडे बघू शकलो नाही. संध्याकाळी सहाला तिचा मुलगा दीपेश आला, टेम्पोच्या धुळीने भुवया पांढऱ्या झालेला. त्याला कुणी कळवलं नव्हतं. पाड्यावरचा कुणी वाटेत भेटला त्याने सांगितलं. तो दिवसभर इथून चार किलोमीटरवर माल उतरवत होता. चार किलोमीटर. तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो आईच्या पायाशी बसला, तिची पावलं दाबायला लागला आणि मान वर न करता म्हणाला, "काका, तुमच्याकडं चाळीस बायांचे नंबर येत होते. माझा नंबर कुठं होता?"

हा प्रश्न घेऊन मी घरी आलो. तो अजून माझ्यापाशी आहे. रोज फाटकावर नेतो, रोज परत आणतो.

पुढं आणखी झालं. बाई उन्हात का पडली त्याच्या चौकशीत औषधांच्या कंपनीला दिसलं की एका नंबरावर चाळीस बायका. मितेश धावत आला. "काका, तुम्ही कमाल केली. त्यांना वाटतंय आपण बोगस माणसं भरतो. ही चाळीस नावं खरी की तुमच्या मनातली, असं विचारतायत." औषधवाल्यांनी चाळीसच्या चाळीस नावं बंद केली. मग चपलावाल्यांनी, मग पंख्यांनी. महिनाभर बायका घरी बसल्या. कुणी मला काही बोललं नाही. बाजारात रंजिता भेटली तर तीसुद्धा कोथिंबिरीच्या जुडीकडे बघत म्हणाली, "बरे हाव ना भाऊ?" मी चाळीस जणींवर माया केली होती, आणि त्या मायेनेच त्या कागदावर खोट्या ठरल्या होत्या. संध्याकाळच्या भजनाला बसायचो तर टाळ हातात जड व्हायचे. महाराज सांगत होते की सेवेत 'मी' शिरला की सेवा नासते. ते सगळ्या मंडपाला सांगत होते. मला वाटत होतं त्यांनी माझा फोन उघडून बघितलाय.

मग एक दिवस नऊ कंपन्यांनी मिळून एक मुलगी पाठवली. भाविका तिचं नाव, कशेळीची, कपाळाला बारीक टिकली, पायात बूट, हातात काचेची पाटी. मला वाटलं आता घरी पाठवणार. तिने खुर्ची ओढली, माझ्या पुढ्यातली चहाची कपबशी बाजूला सरकवली आणि म्हणाली, "काका, तुम्ही नेमकं काय करत होतात ते मला पहिल्यापासून सांगा. न घाबरता." मी सांगितलं. अंगठा, कांड्या, दोन चौकोन, आकडे, धृपद, वीणा, सगळं. दीपेशचा प्रश्नही सांगितला. ती ऐकत होती. शेवटी हसली. "म्हणजे नऊ कंपन्यांना जे करता आलं नाही ते तुम्ही एकट्याने चार वर्षं केलंत. तुम्हीच आमची सिस्टीम होतात काका. फक्त तुम्ही जेवता, झोपता आणि सप्त्याला जाता."

मग तिने समजावलं. आता बाईची ओळख एकदाच पटवायची, नीट, सावकाश. तिचं कार्ड, तिचा चेहरा, आणि तिला ओळखणाऱ्या दोघांची साक्ष. एकदा पटली की नऊही दारं तीच ओळख मानतील. खेळण्यांत गेली काय, औषधांत गेली काय, पुन्हा कोरी व्हायची नाही. आणि पलीकडच्या कंपनीला तिचं गाव, वय, फोन यातलं काहीएक दिसणार नाही. त्यांनी विचारायचं, ही तीच का, आणि उत्तर जायचं, हो, तीच. बास. मी म्हणालो, "पहाऱ्यासारखं." ती म्हणाली, "काय?" मी म्हणालो, "काही नाही, तुम्ही बोला." पण माझ्या मनात एक भीती होती ती मी विचारलीच. एकाच चावीने नऊ दारं, मग ती चावी बिघडली तर नऊही बंद? मी ते करून बसलो होतो ना. ती म्हणाली, "ती भीती खरी आहे. म्हणून चावी त्या बाईचीच राहणार. तिच्या चेहऱ्यावर. चेहऱ्याने नाही उघडलं तर टेबलावर माणूस असेल, तो दुसऱ्या रीतीने उघडेल. तिचं अडचणीचं माणूस कोण ते ती स्वतः सांगेल, दुसऱ्या कुणी भरायचं नाही. आणि काका, तुमच्या फोनवर काही येणार नाही. कुणी कितीही गळ घातली तरी नाही." मी मान डोलावली. गळ्यातून वीणा काढून घेतल्यासारखं झालं. हात वाकलेलाच.

तर त्या सकाळी फोन गप्प होता. एकेक करून सगळ्या आत गेल्या, नव्या नोंदी दोन दिवस आधीच झाल्या होत्या. राहिली होती एक. बायजाबाई दोन दिवस आली नव्हती. मितेशने स्पष्ट सांगितलं होतं की आज यादी बंद. आज जिची ओळख पटेल ती आत, नाही तिला पुढच्या हंगामात बघू. मी रस्त्याकडे बघत होतो. ती यावी असं वाटत होतं आणि येऊ नये असंही. आली तर मला तिच्याकडे बघावं लागणार होतं. दीड महिन्यात मी तिच्या पाड्याच्या वाटेला दोनदा लागलो आणि दोनदा ओढ्यापासून परत फिरलो होतो. आठला पाच कमी असताना रिक्षा थांबली. उतरली. बारीक झाली होती. नव्या चपला होत्या पायात. "झालं का बंद?" तिने विचारलं, कुणालाच नाही असं.

भाविकाने तिला टेबलाशी बसवलं. कार्ड झालं. साक्षीला मी आणि रंजिता. रंजिताला आतून बोलावून आणली. "मावशी, पूर्ण नाव सांगा." बायजाबाई माझ्याकडे न बघता माझ्याकडे बोट करून म्हणाली, "यानला विचारा." नवऱ्याचं नाव ती घेत नाही. मी सांगितलं, बायजाबाई काळूराम. अंगठ्याचा विषय भाविकाने काढलाच नाही. काच तिच्यासमोर धरली. "आता इकडं बघा." काच उजळली, तिच्यात स्वतःचा चेहरा दिसला, आणि बायजाबाईने डोक्यावरचा पदर पुढं ओढला, दोन्ही हात जोडले आणि डोळे मिटून घेतले. काच म्हणाली, डोळे उघडे ठेवा. रंजिता फिसकन हसली. "अगो काकी, देव न्हाय तो!" "दार उघडनारा हाय ना?" बायजाबाई मिटल्या डोळ्यांनी म्हणाली. "मंग हात जोडले तं काय वाईट केलं?" दुसऱ्यांदा काच धरली. तिने कसोशीने डोळे उघडले, पण काच उजळल्याबरोबर ते आपोआप मिटले आणि हात आपोआप जुळले. साठ वर्षं उजेड समोर आला की तिने हेच केलं होतं. भाविकाने घड्याळ बघितलं. "तीन वेळाच घेते ही. तिसऱ्यांदा चुकलं तर आजच्या दिवसाला बंद होईल. मावशी, काचेकडे नका बघू. काचेच्या मागे बघा, कुणाकडे तरी. ओळखीच्या माणसाकडे." आणि तिने मान फिरवून मला म्हटलं, "काका, इकडं या. माझ्या मागे उभे राहा."

चार पावलं होती. औषधांच्या गोदामातून टेपचा चरचर आवाज येत होता, कुठंतरी ट्रक मागे घेत होते, त्याची टुंटुं चालू होती. मी भाविकाच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि आधी जमिनीकडे बघितलं, मग तिच्या नव्या चपलांकडे, मग तिच्या हातांकडे. ती गुळगुळीत बोटं पदराच्या टोकाशी चाळा करत होती. "बाय," मी म्हणालो. आवाज घुमला आणि आतच राहिला. पुन्हा म्हणालो, "बाय, माझ्याकडं बघ."

तिने बघितलं. मला वाटलं होतं त्यात दवाखाना असेल, ऊन असेल, दीपेशचा प्रश्न असेल. होतं का नाही, कोण जाणे. तिचे डोळे तपकिरी आहेत, उजव्यात एक पिवळसर ठिपका आहे. चार वर्षं रोज बघून मला ते ठाऊक नव्हतं. मी तिला आकडे देत होतो, बघितलं नव्हतं. ती बघत राहिली, मी बघत राहिलो, पापणी तिनेही लववली नाही. किती वेळ ते मला सांगता यायचं नाही. मंडपात वीणा हातातून हातात जाताना दोघं एकमेकांच्या पायाशी वाकतात, तेव्हा क्षणभर तार कोण वाजवत असतं, ते मी कधी पाहिलेलं नाही. तसं काहीतरी. मग हिरवा दिवा लागला.

"झालं!" भाविका म्हणाली. "ओळख पटली. मावशी, आता नऊही दारं तुम्हाला ओळखतात."

"म्हंजी उद्या चपलांत गेली तं पुन्ना न्हाय इचारनार?"

"नाही विचारणार."

"आनि माझं वय बिय?"

"कुणाला दिसणार नाही."

"मंग बरं," बायजाबाई म्हणाली, "या रंजीला दोन वरसं कमीच सांगितलंय मी." आणि पहिल्यांदा हसली.

भाविकाने शेवटचा चौकोन उघडला. "अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं? तुम्ही सांगायचं हं, तुम्हीच. दोन माणसं घालता येतात." दीपेशचा नंबर तिने पदराच्या गाठीतून काढलेल्या चिठ्ठीवर आणला होता. भाविकाने तो घातला, मोठ्याने वाचून दाखवला. मी मनातल्या मनात तो दीपेशला ऐकवला. मग भाविका म्हणाली, "दुसरा? नसला तरी चालेल." मी मागे सरकलो होतो, खुर्ची जागेवर ठेवत होतो. आणि बायजाबाईने आकडे म्हणायला सुरुवात केली. कुठल्या चिठ्ठीवरून नाही. वाचता तिला येत नाही. एकेक आकडा, मधे श्वास घेत, तालात, जसे मी रोज सकाळी म्हणायचो तसे. तिसऱ्या आकड्याला मला कळलं. दहाव्याला खुर्ची हातातून सुटली.

"हा कुणाचा?" भाविकाने विचारलं, पण तिलाही कळलं होतं.

"यांचा," बायजाबाई म्हणाली. "चार वरसं तोच माझा नंबर व्हता. पाठ हाय. पन आता मी देतंय, यांनी न्हाय घातला." आणि माझ्याकडे वळून, "फोन चालू ठेवा मातर. सप्त्यात जानकीबायजवळ द्या. तिला काय वीना धराची हाय?"

आणि खिशातला फोन फडफडला. एकदाच. मी काढला. त्यात आकडे नव्हते. लिहिलं होतं: बायजाबाई काळूराम यांनी तुम्हाला जवळची व्यक्ती म्हणून नोंदवले आहे. तुम्हाला मान्य आहे का? खाली दोन चौकोन. माझा डावा हात वर आला होता, वाकलेला, आणि त्याच्या बेचक्यात फोन बरोबर बसला होता. मी 'मान्य'वर बोट ठेवलं. मशीनने एका झटक्यात घेतलं. वर बघतो तर बायजाबाई फाटकाच्या आत गेली होती, नव्या चपला फटफट वाजवत, मागे वळून न बघता, कारण वळायची तिला आता गरज नव्हती.

इथं माझी गोष्ट थांबते. देव कुठं आला ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. डोळे मिटल्यावर आला का डोळे उघडल्यावर. पण एक मागणं आहे तुमच्याकडे. तुम्हालाही कुठलं ना कुठलं दार रोज विचारतंच, तुम्ही कोण. आणि कधीतरी खाली तो चौकोन येतो, अडचणीच्या वेळी कळवायच्या माणसाचा. आपण तो घाईत भरतो. रांग असते मागे. पण तो चौकोन आला की क्षणभर बोट उचलून धरा, आणि उन्हात रांग न सोडता उभी राहिलेल्या आमच्या बायजाबाईची आठवण काढा. मग ज्याचं नाव घालायचं ते घाला.